निफाडची फुप्फुसं, लडाखची हवा

हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला गेलात तर पाण्याकाठी केशरी-तपकिरी बदकांची जोडी शोधा. हे चक्रवाक. कवींनी त्यांना रात्रभर विरहात झुरायला लावलंय, पण प्रत्यक्षात ते जोडीनंच फिरतात. उन्हाळ्यात ही जात लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी अंडी घालते, आणि ट्रान्समीटर बसवलेल्या चक्रवाकांनी हिमालय ओलांडताना तब्बल 6,800 मीटर उंची गाठल्याची नोंद आहे! पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहते, त्यामुळं आत घेताना आणि बाहेर सोडतानाही ताजा प्राणवायू मिळत राहतो. आपल्याला ही चैन नाही.

आता याच तालुक्यातलं एक निवृत्त जोडपं डोळ्यांसमोर आणा. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, तो बँकेतून. यंदा जूनमध्ये दोघांना लडाखमधल्या त्सो मोरिरी तळ्याच्या काठी तंबूत राहायचंय. निफाड साडेपाचशे मीटरवर, तळं साडेचार हजारांवर. महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक कळसूबाई, तेही 1,646 मीटरच. थंडीचं म्हणाल तर निफाडकरांना ती काय सांगायची! खरा प्रश्न श्वासाचा आहे.

आणि इथंच पहिली गंमत. तिथल्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण किती? निफाडइतकंच, सुमारे 21 टक्के! मग दम का लागतो? गोधड्यांची थप्पी आठवा. तळातली गोधडी वरच्या सगळ्यांच्या भारानं दबलेली, वरची मोकळी, फुगलेली. हवेचंही तसंच. वर जाल तसा डोक्यावरचा भार कमी आणि हवा विरळ. त्सो मोरिरीला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 58 टक्के भरतो. छाती तेवढीच फुगते, पण आत रेणू कमी येतात. (डाळही याच कारणानं शिजत नाही. पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर न्यायलाच हवा.)

हे शरीराला कळतं कसं? मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथं मेंदूकडे जाणारी धमनी दुभंगते तिथं, काही मिलिमीटरचा एकेक पेशीपुंज बसलेला असतो. रक्तातला ऑक्सिजन घटला की तो मेंदूला खडसावतो: श्वास वाढव! श्वास वाढतो, पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही भराभरा बाहेर पडतो आणि मेंदूचा श्वास चालवणारा भाग म्हणतो, आता पुरे. या दोन हुकमांचं भांडण रात्री रंगतं. तंबूत ती जागी आहे. शेजारी त्याचा श्वास हळूहळू मंद होतो आणि थांबतो. पाच सेकंद, दहा सेकंद. ती हलवणार एवढ्यात तो मोठा श्वास घेतो आणि पुन्हा लय धरतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, पण एवढ्या उंचीवर हे बहुतेकांना होतं आणि सहसा त्यात धोका नसतो.

भांडण सोडवतात मूत्रपिंडं. रक्तातलं जादा बायकार्बोनेट ती लघवीवाटे टाकतात, तेव्हा मेंदूचा लगाम सैल होतो. म्हणून तर पहाटे दोनला कुडकुडत तंबूबाहेर जावं लागतं!

सगळ्यांत भन्नाट गोष्ट पेशींच्या आत घडते. एचआयएफ नावाचं एक प्रथिन पेशी अखंड बनवतात आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही मिनिटांत मोडूनही टाकतात. आत्ता हे वाचताना तुमच्यातही तेच चाललंय. वाया जाणारी मेहनत? मुळीच नाही. ऑक्सिजन घटला की मोडतोड थांबते, प्रथिन साचतं आणि मूत्रपिंडं हार्मोन सोडून अस्थिमज्जेला सांगतात, तांबड्या पेशी वाढवा. हे कोडं उलगडणाऱ्या तिघांना, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना, 2019 चं नोबेल मिळालं.

पण साठी उलटलेल्यांना हे झेपतं? 1962 च्या युद्धात जवानांना घाईघाईनं उंचावर नेण्यात आलं होतं. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी विरळ हवेनं आजारी पडलेल्या 1,925 जवानांचा अभ्यास 1969 मध्ये प्रसिद्ध केला. तरणेताठे, कसलेले गडी! तारुण्य इथं कवच ठरत नाही, आणि वय वाढलं म्हणून हा आजार जास्त होतो असंही दिसलेलं नाही. हृदय-फुप्फुसं तपासून घ्यावीत, हे आलंच. श्वास काही मिनिटांत वाढतो, मूत्रपिंडांना काही दिवस लागतात, नव्या तांबड्या पेशींना आठवडे. आठवड्याच्या रजेवर धावत येणाऱ्या पोरांपेक्षा या जोडप्याचं पारडं मला इथं जड वाटतं. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, दोन-तीन दिवस नुसतं बसून राहायला त्यांना कोण अडवणार? पुढं मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही. डोकं ठणकून उलट्या होऊ लागल्या तर वर जाणं बंद, आणि तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली उतरायचं.

निफाडला परतल्यावर ही सगळी कमाई काही आठवड्यांत ओसरते. पुढच्या जूनला लेहमधले ते दोन-तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून.