मुतखडा फुटताना श्वास संथ हवा

बेंगळुरूच्या जयनगरमधल्या घरात कुणाला मुतखडा निघाला की आधी विचारतात, ‘ऑपरेशन का?’ मूत्रपिंडातला दोन सेंटिमीटरच्या आतला, फार कठीण नसलेला खडा बऱ्याचदा चिरफाड न करता आघातलहरींनी बाहेरूनच फोडता येतो. मग पुढचा प्रश्न येतो, ‘दुखेल का?’ तो घाबरटपणाचा नाही. खडा नीट फुटणं त्याच्या उत्तरावर बरंच अवलंबून असतं.

हे तंत्र जर्मनीच्या डॉर्निअर या विमान कंपनीतून आलं. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिस्तियान शॉसी आणि सहकाऱ्यांनी या लहरी प्रथम माणसावर वापरल्या. तेव्हा रुग्णाला पाण्याच्या टबात ठेवत आणि पूर्ण किंवा पाठीतून भूल देत. नंतरच्या यंत्रांत लहर कातडीच्या मोठ्या भागातून आत शिरते, त्यामुळे कमी टोचते. तरी कातडी, बरगडी आणि मूत्रपिंडाचं आवरण दुखतंच; रबरबँड ताणून सोडावा तसा फटका, तोही दोन-तीन हजार वेळा.

खरी अडचण श्वासाची आहे. श्वासाबरोबर मूत्रपिंड काही सेंटिमीटर वर-खाली सरकतं, आणि लहरींचा नेम मात्र सेंटिमीटरभर जागेवर असतो. दुखलं की माणूस आखडतो, धापा टाकतो. खडा नेमातून निसटतो आणि फटके निरोगी पेशींवर बसतात. म्हणून वेदनाशमन हा उपचाराचाच भाग आहे, असं मला ठामपणे वाटतं.

वेदनेसाठी आधी डायक्लोफेनॅक, गरजेप्रमाणे शिरेतून फेंटानिल, गुंगीसाठी मिडॅझोलाम. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध द्यायचं तर भूलतज्ज्ञ हवेतच. फेंटानिल आणि मिडॅझोलाम मिळून श्वास मंदावतात, म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप लावतात. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावं. फटक्यांचा जोरही हळूहळू वाढवतात. त्याने शरीर सरावतं, शिवाय मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या आकसून इजा कमी होते.

आपल्याकडे दात-ओठ खाऊन सोसणाऱ्याचं कौतुक होतं. इथे तसं करू नका. दुखलं की लगेच सांगा. समोरच्याला कन्नडच येत असेल तर ‘नोवु’ एवढं म्हटलं तरी पुरे. गुंगीचं औषध घेतलं असेल तर २४ तास गाडी चालवू नका. पुढचे काही दिवस तुकडे उतरताना कळ येऊ शकते, लघवी लालसर होऊ शकते. कळेबरोबर थंडी-ताप आला तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.