तीस मिनिटांनंतरचा रस्ता

ग्रामीण भागात तीस मिनिटं, शहरात वीस. फोन आल्यापासून १०८ची रुग्णवाहिका रुग्णापर्यंत पोचायला महाराष्ट्रात ठरलेली ही वेळ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीत हा आकडा ऐकला, की लगेच विचारावंसं वाटतं: तीस मिनिटं कुठून मोजायची? दाजीपूरच्या जंगलाकडच्या धनगरवाड्यांवर पावसाळ्यात गाडी चढत नाही. रुग्णाला डोलीत घालून, चिखल तुडवत, माणसं डांबरी रस्त्याला आणतात. त्याआधी फोनसाठी रेंज शोधत कुणीतरी टेकाडावर पळालेलं असतं.

गाडीचं दार उघडलं की आधी स्पिरिटचा वास येतो, मागून डिझेलचा. पायलट, म्हणजे चालक, ऑक्सिजनचा काटा बघतो, डॉक्टर सक्शन चालू करून बघतात, स्ट्रेचर पुसून होतं.

डॉक्टर. महाराष्ट्राची ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली, ती प्रत्येक गाडीत डॉक्टर ठेवून. इंग्लंड-अमेरिकेत रुग्णवाहिकेत बहुधा प्रशिक्षित पॅरामेडिक असतो. फ्रान्स आणि जर्मनीत गंभीर रुग्णाकडे डॉक्टर धाडतात. आपली गाडी या बाबतीत फ्रान्सच्या वळणाची. आपले हे डॉक्टर बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर, आणि त्यावरून त्यांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत.

त्यांनी मण्यार चावलेला रुग्ण एकदा डोळ्यांपुढे आणावा. पापण्या जड होतात, शब्द अडखळतात, मग श्वासाचे स्नायूच थकत जातात. ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष सुरू होतं, पण श्वास ढासळू लागला की व्हेंटिलेटरसाठी ‘सीपीआरला हलवा’ असं ठरतं; सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय. कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. हंगामात पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, पावसाळ्यात भोगावतीचं पाणी. साध्या गाडीत व्हेंटिलेटर नसतो. श्वास थांबला, तर एका हातानं तोंडावरचा मास्क दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं अँबू बॅग दाबत राहायची, दर पाच-सहा सेकंदांनी एकदा, थेट सीपीआरच्या दारापर्यंत. एवढं साधलं, तर मण्यारीचा रुग्ण वाचू शकतो. तो दाबणारा हात कुणाचा, त्याला पदवी कोणती, हे त्या वेळी दुय्यम असतं. तो शिकलेला आणि न थकणारा हवा.

या रस्त्याचा हिशेब त्या तीस मिनिटांत कुठेच नाही. गाडी रुग्णाजवळ पोचली की घड्याळ थांबतं. इंग्लंडमध्येही जिवावर बेतलेल्या फोनसाठी सरासरी ७ मिनिटांचं उद्दिष्ट आहे, तेही पोचण्यापुरतंच. पण तिथं हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात फोनपासून अँजिओग्राफीपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात. राधानगरीला हेच हवं आहे. फोनपासून सीपीआरच्या अपघात विभागापर्यंत किती वेळ गेला, हे प्रत्येक रुग्णामागे लिहून ठेवलं, तर जून ते सप्टेंबर दाजीपूरच्या बाजूला एक जादा गाडी का उभी हवी, हे जिल्ह्याच्या बैठकीत आकड्यांनिशी मांडता येईल.