हात बसलाय का?

घाटकोपरच्या एखाद्या मंडळाच्या खोलीत कॅरम रंगलेला असतो. भोवती चार डोकी जमली की एकाचा नेम आणखी पक्का होतो, तर दुसऱ्याची भोकाच्या तोंडाशी असलेली सोंगटीही जात नाही. १९८२ साली अमेरिकेत संशोधकांनी हेच पूलच्या टेबलावर मोजलं. आधी लांबून पाहिलं, मग चौघं जण टेबलाजवळ जाऊन उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे अचूक फटके ७१ टक्क्यांवरून ८०वर गेले, कच्च्यांचे ३६वरून २५वर आले. खेळाडू मोजकेच होते, पण गोम कळते. छाती धडधडू लागली की अंगात जी हालचाल मुरलेली असते तीच आधी बाहेर पडते. हात बसलेल्याची बरोबर, कच्च्याची चुकीची.

मग पट्टीचे खेळाडू मोक्याला का गळपटतात? मानसशास्त्रज्ञ सिअन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये फुटबॉलपटूंना शंकूंमधून चेंडू न्यायला लावला. एकदा लक्ष पायाच्या कोणत्या बाजूने चेंडू लागतोय त्यावर, एकदा कानावर पडणाऱ्या शब्दांवर. मुरलेल्यांचा उजवा पाय शब्द ऐकताना चपळ होता, स्वतःकडे पाहताना अडखळला. नवख्यांचं उलट. गंमत म्हणजे मुरलेल्यांचा डावा पायही नवख्यासारखाच वागला! म्हणजे भीती बहुधा थेट हात बिघडवत नाही. ती आपल्याला हाताकडे बघायला लावते.

भांडुपमध्ये वाढलेली क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्ज २०२५च्या महिला विश्वचषकात दोनदा शून्यावर बाद झाली, इंग्लंडविरुद्ध संघाबाहेर बसली. त्या दिवसांत आपण चिंतेने ग्रासलो होतो, आईला फोन करून रडायचो, हे तिने नंतर उघड सांगितलं. अशी मुलगी ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामन्यात उतरली आणि ३३९ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७ करून आली. चिंता गेली नव्हती, पण हात बसलेला होता. शेवटी दमल्यावर ती बायबलमधलं एक वचन मनाशी घोळवत होती. श्रद्धेचा भाग वेगळा, पण बायलॉकच्या प्रयोगातल्या शब्दांचं काम त्या वचनानेही केलं असेल.

तिसऱ्या क्रमांकावर जायचंय हे तिला मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं होतं. पॅड बांधून तासभर स्वतःच्या हातांकडे बघत बसायची वेळच आली नाही, ते तिच्या पथ्यावर पडलं असावं, असा माझा तर्क आहे.