डिजिटल दस्तऐवजांच्या नक्कल-प्रतिबंधाच्या मर्यादा

प्रास्ताविक : आर्णीसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही आज अध्यापकांची टिपणे पीडीएफ फाइलीच्या रूपाने विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतात. परिश्रमाने सिद्ध केलेली ही टिपणे वाचता यावीत, परंतु त्यांची नक्कल होऊ नये, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. ती कितपत पूर्ण होऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तांत्रिक मर्यादा : पीडीएफला दोन प्रकारचे पासवर्ड देता येतात. पहिल्यावाचून फाइल उघडतच नाही; तो सबळ असल्यास हे संरक्षण खरे असते. दुसरा छपाई व नक्कल यांवर निर्बंध घालतो. मात्र फाइल उघडताच मजकूर वाचकाच्या संगणकावर उलगडलेला असतो. निर्बंध ही वाचनाच्या सॉफ्टवेअरला दिलेली केवळ सूचना उरते आणि ती न पाळणारे सॉफ्टवेअर सहज उपलब्ध असते. व्यवस्था अधिक कडक केली तरी पडद्याचे छायाचित्र मोबाइलने घेता येतेच. तात्पर्य, मजकूर परक्यापासून गुप्त राखता येतो. ज्याला तो वाचावयास दिला त्याच्यापासून नाही. प्रश्नपत्रिकेची फाइलही पासवर्ड हाती देईपर्यंतच सुरक्षित असते.

कायद्याची भूमिका : तंत्राची ही उणीव कायद्याने भरून काढण्याचा प्रयत्न अनेक देशांनी केला. अमेरिकेत अॅडोबच्या ई-पुस्तकांवरील निर्बंध दूर करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन प्रोग्रामरला २००१ मध्ये अटक झाली. त्याच्या एल्कॉमसॉफ्ट कंपनीस मात्र ज्यूरीने २००२ मध्ये निर्दोष ठरविले. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार अधिनियमात कलम ६५-अ समाविष्ट झाले. हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. याच दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रत करण्यास मुभा दिली. कायदा हेतू पाहतो. कुलूप तो पाहत नाही. नक्कल टाळण्यासाठी मजकूर चित्ररूपात दिला, तर तो मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेला दृष्टिबाधित विद्यार्थीच वंचित राहतो.

निष्कर्ष : प्रत्येक प्रतीवर ती घेणाऱ्याचे नाव पाणखुणेसारखे उमटविल्यास नक्कल थांबत नाही, ती कोठून फुटली याचा माग लागू शकतो, आणि तोही खूण पुसली गेली नाही तरच. म्हणून जे बाहेर जाता कामा नये, ते योग्य वेळेपूर्वी कोणाच्याही हाती देऊ नये. अध्यापनासाठीची टिपणे मात्र लेखकाचे नाव व वर्ष नोंदवून, वाचता येईल अशा स्वरूपात मोकळेपणाने द्यावीत. त्यांवरील श्रेय अशा नोंदीने जितके टिकते, तितके निर्बंधांनी टिकत नाही.