पान येते, चित्र येत नाही

छापील मासिकात छायाचित्र कागदावरच उमटलेले असते. वेबपानात ते नसतेच. तिथे असतो तो फक्त चित्राचा पत्ता. ब्राउझर आधी पानाचा मजकूर मागवतो, तो वाचता वाचता असे पत्ते सापडतील तशी एकेक फाईल वेगळी मागवतो आणि आलेले चित्र नेमून दिलेल्या जागी बसवतो. मजकूर एका सर्व्हरवरून आणि चित्रे भलत्याच सर्व्हरवरून, कधी कधी दुसऱ्या देशातूनही, येत असतात. ही रचना १९९३ पासूनची आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘मोझॅक’ या ब्राउझरवर काम करणाऱ्या मार्क अँड्रीसन यांनी मजकुरात चित्र बसवण्यासाठी ‘आयएमजी’ ही खूण सुचवली. वेबपाने लिहिताना आजही तीच खूण वापरतात. पानाचा मजकूर नीट आला पण चित्रे आली नाहीत, असे होऊ शकते ते या दोन वेगळ्या वाटांमुळेच.

चित्र कसे दिसत नाही, याकडे आधी नीट पाहावे लागते. फाटलेल्या चित्राचे छोटे चिन्ह दिसत असेल, तर ब्राउझरने फाईल मागितली, पण हाती काही लागले नाही किंवा जे लागले ते त्याला वाचता आले नाही. चिन्हही नाही, नुसतीच कोरी जागा आहे, अशा वेळी फाईल बहुधा मागवलीच गेलेली नसते. चित्र वरून अर्धे उमटून थांबले, तर जोडणी मध्येच तुटली. चित्रांच्या जागी काळे चौकोन किंवा रंगांचा चिखल दिसू लागला, तर फाईल आली आहे. ती पडद्यावर रंगवताना गडबड होते आहे. अशा वेळी ब्राउझरच्या सेटिंग्जमधील ‘हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन’ बंद करून पाहतात.

दुसरा प्रश्न व्याप्तीचा. एकच चित्र गायब आहे, एकाच संकेतस्थळाची सगळी चित्रे गायब आहेत, की जगातल्या सर्वच संकेतस्थळांची? तेच पान मोबाईलवर, घरातले वायफाय बंद करून मोबाईल डेटावर उघडले की उत्तर बरेच जवळ येते. तिथेही चित्र नसेल, तर दोष बहुतेक संकेतस्थळाचा आहे आणि वाचकाने आपल्या संगणकाशी झटापट करण्यात अर्थ नाही. तिथे चित्र दिसत असेल, तर दोष संगणकात किंवा त्याच्या जोडणीत आहे. या दोहोंतला फरक कळतो तो त्याच संगणकावर मोबाईलचा हॉटस्पॉट जोडून.

दोष संगणकात असल्याचे ठरल्यावर सगळ्यात उपयोगी चाचणी म्हणजे इन्कॉग्निटो विंडो. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबल्या की ती उघडते. या विंडोत जुनी साठवण वापरली जात नाही आणि मुद्दाम परवानगी दिलेली नसेल, तर एक्स्टेन्शनही चालत नाहीत. चित्र तिथे दिसले की संशयित दोनच उरतात: एखादे एक्स्टेन्शन किंवा कॅशे.

एक्स्टेन्शनमध्ये पहिला संशय जाहिरातरोधकावर घ्यावा. जाहिरातरोधक चित्र पाहून ठरवत नाही. तो पत्ता पाहून ठरवतो. जाहिराती ज्या सर्व्हरवरून येतात त्यांची नावे आणि पत्त्यांत नेहमी आढळणारे शब्द यांच्या लांबलचक याद्या त्याच्याकडे असतात. एखाद्या मंडळाने आपल्या उत्सवाची छायाचित्रे ‘अ‍ॅड्स’ किंवा ‘बॅनर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली, तर बिचाऱ्या गणपतीचीही जाहिरातीत गणना होऊ शकते. एक्स्टेन्शन कायमचे काढून टाकण्याची गरज नसते. तेवढ्या संकेतस्थळापुरते ते थांबवता येते. एकापेक्षा जास्त असतील, तर सगळी बंद करून एकेक सुरू करत जायचे. ज्याच्यानंतर चित्रे पुन्हा गेली, दोष त्याचा.

कॅशे म्हणजे ब्राउझरने पुन्हा लागतील म्हणून संगणकातच ठेवून दिलेल्या फाईली. त्यातली एखादी अर्धवट किंवा जुनी असेल, तर ब्राउझर तीच पुढे करत राहतो. ‘कॅशे साफ करा’ हा सल्ला मात्र तापावर क्रोसिन द्यावी तसा सरसकट दिला जातो, आणि त्यासोबत कुकीजही पुसल्या गेल्या तर माणूस सगळ्या खात्यांतून बाहेर पडतो. आधी कंट्रोल आणि एफ-५ दाबून पान नव्याने मागवणे पुरेसे असते. त्यामुळे ब्राउझर त्या पानासाठी साठवण बाजूला ठेवून सर्व्हरकडे जातो. मॅकवर क्रोममध्ये त्यासाठी कमांड, शिफ्ट आणि आर दाबतात. त्याने भागले नाही, तरच साफसफाईकडे वळावे, तीही फक्त साठवलेली चित्रे आणि फाईली यांच्यापुरती.

सर्वच संकेतस्थळांवरची चित्रे गेली असतील, तर सेटिंग पाहावे. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये चित्रे दाखवायची की नाही, याचा वेगळा पर्याय आहे. ऑपेरा मिनीसारख्या डेटा वाचवणाऱ्या ब्राउझरमध्ये तर चित्रे बंद ठेवणे ही सोय म्हणूनच दिलेली आहे. कोणीतरी ती एकदा वापरलेली असते आणि नंतर विसरलेली असते. जावास्क्रिप्ट बंद असणे हे कारण पटकन लक्षात येत नाही. आजकाल अनेक पाने वाचक खाली सरकेल तशी चित्रे मागवतात. ही मागणी जावास्क्रिप्टवर सोपवलेली असेल आणि तेच बंद असेल, तर कोऱ्या जागा शेवटपर्यंत कोऱ्याच राहतात.

जुन्या संगणकात आणखी एक गंमत होते. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ काही वर्षे मागे जाते. सुरक्षित जोडणीत सर्व्हरचे प्रमाणपत्र ठरावीक तारखांच्या आतच ग्राह्य धरले जाते, त्यामुळे चुकीच्या तारखेच्या संगणकाला ते अवैध वाटते. मुख्य पानाचे प्रमाणपत्र नाकारले गेले, तर ब्राउझर मोठा इशारा देतो. चित्रांच्या सर्व्हरचे नाकारले गेले, तर तो काही न बोलता चित्र गाळतो. तारीख दुरुस्त केली की भागते, आणि सेल बदलला की ती टिकते.

कार्यालय किंवा महाविद्यालयातल्या जोडणीवर चित्रे जात असतील आणि घरी दिसत असतील, तर तिथल्या फायरवॉलने चित्रांचा सर्व्हर अडवलेला असतो. यावर ब्राउझरमध्ये उपाय नाही; तिथला नेटवर्क सांभाळणाराच ते उघडू शकतो.

आता संकेतस्थळाच्या बाजूचे दोष. चित्राच्या जागी उजवे क्लिक करून ते नव्या टॅबमध्ये उघडले की सर्व्हरचे उत्तर थेट कळते. ४०४ हा आकडा आला, तर त्या पत्त्यावर फाईल नाही. यामागे पुष्कळदा अक्षरांचा घोळ असतो. विंडोजमध्ये फाईलच्या नावातली इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे एकच मानली जातात. बहुसंख्य सर्व्हर ज्यावर चालतात त्या लिनक्समध्ये ती वेगळी असतात. त्यामुळे घरच्या संगणकावर बिनतक्रार चाललेले पान सर्व्हरवर चढवताच उघडे पडते. त्याहून नमुनेदार चूक म्हणजे चित्राचा पत्ता म्हणून स्वतःच्या संगणकातल्या ‘सी ड्राइव्ह’चाच पत्ता देणे. त्या फाईली पान बनवणाऱ्याच्याच संगणकात असतात, म्हणून तिथे उघडून पाहिलेल्या पानात चित्रे दिसतात. बाकी कोणालाच दिसत नाहीत, आणि ‘माझ्याकडे तर दिसतंय’ हा वाद दिवसभर चालतो.

४०३ म्हणजे फाईल आहे, पण द्यायची नाही. दुसऱ्यांच्या पानांनी आपली चित्रे परस्पर वापरू नयेत, म्हणून काही सर्व्हर ही मागणी कोणत्या पानावरून आली ते तपासतात. ब्राउझर ती माहिती ‘रेफरर’ या नावाखाली पाठवतो. नियम लिहिताना या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘आर’ सुटला आणि ती चूक आजतागायत तशीच चालू आहे. खासगीपणा जपणारी काही एक्स्टेन्शन ही माहिती पुसतात, आणि मग प्रामाणिक वाचकही सर्व्हरला चोर वाटतो. काही जुन्या पानांत चित्रांचे पत्ते ‘एचटीटीपी’नेच सुरू होतात. पान ‘एचटीटीपीएस’वर गेल्यावर ब्राउझर अशी चित्रेही सुरक्षित वाटेने मागून पाहतो, पण चित्रांच्या सर्व्हरवर ती सोय नसेल, तर हात हलवत परततो.

कधी फाईल सुखरूप येते आणि तरी उमटत नाही, कारण तिचा प्रकार ब्राउझरला कळत नाही. १९८७ चे जीआयएफ, १९९० च्या दशकातले जेपीईजी आणि पीएनजी हे कोणताही ब्राउझर वाचतो. गूगलने २०१० मध्ये आणलेले वेबपी सफारीला २०२० पासून समजू लागले. त्याआधीची आवृत्ती असलेल्या आयफोनवर ते दिसत नाही. सध्या जास्त छळतो तो एचईआयसी. आयफोन २०१७ पासून छायाचित्रे या प्रकारात साठवतो. ती संगणकावर जशीच्या तशी उतरवून संकेतस्थळावर टाकली, तर सफारीच्या नव्या आवृत्तीत दिसतात, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये नाही. वाचकाला यात ब्राउझर अद्ययावत करण्यापलीकडे फारसे करता येत नाही. छायाचित्र चढवणाऱ्याने ते आधी जेपीईजीमध्ये बदलून घ्यायला हवे.

चित्र नसताना त्याच्या जागी कधी कधी एखादी ओळ दिसते. ते चित्राचे पर्यायी वर्णन. अंध वाचकांचे स्क्रीन रीडर हेच वाचून दाखवतात. अनेक संकेतस्थळे ते लिहितच नाहीत, आणि ही त्यांची आळशीपणाची चूक आहे. लिहिलेले असेल, तर हरवलेले चित्र कशाचे होते, एवढे तरी कळते. फाईल सर्व्हरवरून खरोखर काढली गेली असेल, तर इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये त्या पानाची जुनी प्रत शोधून पाहावी; चित्र कधी सापडते, कधी नाही. संकेतस्थळाला कळवताना ‘फोटो दिसत नाहीत’ एवढेच लिहू नये. पानाचा पत्ता, चित्राचा पत्ता, ब्राउझरचे नाव आणि सर्व्हरने दिलेला आकडा सोबत द्यावा.