मधल्याला वळसा

दहिसर नाक्यापलीकडच्या पेणकरपाड्याहून पवई तशी लांब नाही. द्रुतगती महामार्ग मोकळा मिळाला तर. त्या पवईत, आयआयटी मुंबईतल्या राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या साथीने नेक्सकार-१९ ही कर्करोगावरची पहिली भारतीय कार-टी उपचारपद्धती घडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झालं. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार तीस-चाळीस लाखांच्या घरात आला, याचं कौतुक भरपूर झालं. (तीस लाख तरी किती घरांतून निघतात, ते सोडा.) या उपचारात रुग्णाच्या टी-पेशीवर, म्हणजे रोगप्रतिकारक पेशीवर, नवा रिसेप्टर बसवल्यावर पेशीच्या आत काय घडतं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही.

टी-पेशीच्या मूळ रिसेप्टरला स्वतःहून काही करता येत नाही. तो शत्रू फक्त ओळखतो. निरोप पुढे जातो तो अडॅप्टर प्रथिनांमार्फत. ही प्रथिनं कुठलीही रासायनिक क्रिया घडवत नाहीत. जमिनीच्या व्यवहारातल्या दलालासारखी दोन पक्षांना एकत्र बसवतात, एवढंच. त्यांतलं ‘लॅट’ १९९८ साली अमेरिकेत लॉरेन्स सॅमेल्सन यांच्या गटाने शोधलं. पुढे लॅट नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्यात परिपक्व टी-पेशीच सापडेनात.

पण पेशीत हजारो प्रथिनांची गर्दी. त्यात एकट्या लॅटचं काम दिसणार कसं? म्हणून ते रिकॉम्बिनंट तंत्राने, म्हणजे त्याचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून, वेगळं बनवायचं. २०१६ साली शाओलेई सू, रॉन वेल आणि सहकाऱ्यांनी शुद्ध केलेलं लॅट, चमकता रंग जोडून, काचेवरच्या कृत्रिम पटलावर पसरलं. नुसतं असताना ते सारखं पसरून राहिलं. त्यावर फॉस्फेट चढवून ग्रब-२ आणि सॉस ही प्रथिनं सोडली, तशी लॅटची पुंजके-पुंजके झालेली ठिपकेदार नक्षी उमटली. फॉस्फेट काढणारं एन्झाइम घातल्यावर ती विरघळली. पेशीच नाही, तरी निरोपाची एक पायरी काचेवर उभी राहिली!

याच सू यांच्या गटाने २०२० मध्ये कार-टी पेशी तपासल्या. नेक्सकारप्रमाणेच कर्कपेशींवरची सीडी-१९ ही खूण हेरणारा त्यांचा रिसेप्टर लॅटला चक्क वळसा घालतो, असं निघालं. लॅट काढून टाकलं तरी रिसेप्टरचे पुंजके होतात, पेशी लक्ष्याला नीट चिकटते. फक्त आयएल-२ हे टी-पेशींना वाढवणारं रसायन पुरेसं बनत नाही; तिथे लॅट लागतंच.

सीडी-१९ निरोगी बी-पेशींवरही असतं, त्यामुळे कर्करोगासोबत त्याही मारल्या जातात. इतर कर्करोगांत अशी चूक महागात पडेल. म्हणून स्टॅनफर्डच्या गटाने २०२३ मध्ये उलटा डाव टाकला: एक खूण हेरणाऱ्या रिसेप्टरच्या शेपटीला लॅट, दुसरी खूण हेरणाऱ्याच्या शेपटीला त्याचा जोडीदार एसएलपी-७६. दोन्ही खुणा एकाच पेशीवर सापडल्या तरच दोघांची गाठ पडते आणि टी-पेशी हल्ला करते.