मूलद्रव्यांच्या सहवासात : बेरिअमपासून वेगळे न होणारे ‘रेडिअम’

बारावीच्या प्रात्यक्षिकात क्षारांचे पृथक्करण केलेल्यांना पाचवा गण आठवत असेल. आधीचे गण उरकले की अमोनिअम कार्बोनेट घालायचे. पांढरा साका आला, तर बेरिअम, स्ट्रॉन्शिअम किंवा कॅल्शिअम. तो साका अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवून पोटॅशिअम क्रोमेट टाकल्यावर पिवळे काही खाली बसले, तर बेरिअम. अल्कधर्मी मृदा धातूंच्या या तीन भावंडांना एकमेकांपासून ओळखणे सोपे आहे. त्याच घरातले सर्वांत जड भावंड, रेडिअम, मात्र बेरिअमपासून सहजी सुटत नाही. दोन मोठे शोध या अडचणीतून निघाले.

बेरिअम आणि रेडिअम दोघेही दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतात, आणि उरलेल्या आयनांचा आकारही जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे बेरिअमच्या स्फटिकात रेडिअमला बिनतक्रार जागा मिळते. दोघांचीही सल्फेटे पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून योआखिमस्तालच्या खाणीतल्या पिचब्लेंडमधून युरेनिअम काढून घेतल्यावर जो गाळ उरे, त्यातले रेडिअम प्रत्येक प्रक्रियेत बेरिअमच्या मागोमाग जाई. मारी क्युरींच्या हाती एकच फट होती : रेडिअम क्लोराइड हे बेरिअम क्लोराइडपेक्षा कमी विरघळते.

या फरकावर त्यांनी सगळी भिस्त ठेवली. गरम संपृक्त द्रावण थंड होऊ द्यायचे. आधी पडलेल्या स्फटिकांत रेडिअमचे प्रमाण थोडे वाढलेले असते. ते स्फटिक पुन्हा पाण्यात विरघळवायचे, पुन्हा थंड करायचे, आणि वर राहिलेले द्रव मागच्या टप्प्यात मिसळायचे. असे शेकडो, हजारो वेळा. १८९८ च्या डिसेंबरात रेडिअमची घोषणा झाली. त्याचे जवळपास शुद्ध क्लोराइड सुमारे एक दशांश ग्रॅम हाती यायला १९०२ साल उजाडले. तेव्हा त्यांनी अणुवस्तुमान काढले २२५. आजचा आकडा २२६ आहे. टनावारी गाळातून निघालेल्या चिमटीवर केलेली ही मोजणी रसायनशास्त्रातल्या सर्वोत्तम मोजण्यांपैकी एक आहे, असे मला मनापासून वाटते.

आता १९३८ चे बर्लिन. युरेनिअमवर न्यूट्रॉन सोडले की त्याहून जड मूलद्रव्ये तयार होतात, असा समज १९३४ मधल्या एन्रिको फर्मींच्या प्रयोगांपासून रुजला होता. कैसर विल्हेल्म रसायन संस्थेत ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान या उत्पादनांची छाननी करत होते. हान यांची तीस वर्षांपासूनची सहकारी, भौतिकशास्त्रज्ञ लीझे माइटनर, ज्यू कुळातली म्हणून जुलैत जीव वाचवून स्वीडनला निघून गेली होती.

त्या दोघांना काही किरणोत्सारी पदार्थ असे सापडले, की द्रावणात बेरिअमचा क्षार घालून तो स्फटिकरूपात बाहेर काढला की ते त्याच्याबरोबर येत. ते बेरिअमच असतील, ही कल्पना कुणाच्या डोक्यात येणार? युरेनिअमचा अणुक्रमांक ९२, बेरिअमचा ५६. इतके अंतर कुणी गृहीत धरलेच नव्हते. ८८ क्रमांकाचे रेडिअम त्या मानाने जवळचे. म्हणून त्यांनी ‘रेडिअम’ अशी चिठ्ठी लावली. पण युरेनिअमपासून इतक्या सहज रेडिअम व्हावे, हेही माइटनरना पटेना. नोव्हेंबरात कोपनहेगनला भेट झाली, तेव्हा त्यांनी हानना पुन्हा कसून तपासायला सांगितले.

मग क्युरींचीच रीत कामी आली. क्लोराइडऐवजी ब्रोमाइड घेऊन हान-स्ट्रासमान यांनी टप्प्याटप्प्याने स्फटिक पाडले. खरे रेडिअम असते, तर पहिल्या स्फटिकांत त्याची किरणोत्सारिता जास्त भरायला हवी होती. पण ती सगळ्या टप्प्यांत बेरिअमच्या प्रमाणातच विखुरलेली निघाली. पदार्थ वजनात न येण्याइतका सूक्ष्म. इतक्या कमी अणूंवर ही रीत चालतच नसेल का?

या शंकेला त्यांनी दिलेले उत्तर मला सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. मेसोथोरिअम हे रेडिअमचे एक समस्थानिक. ते खुद्द हान यांनीच तीस वर्षांपूर्वी शोधलेले. ते तितकेच विरळ करून त्यांनी स्फटिकीभवन केले. ते शहाण्यासारखे पहिल्या स्फटिकांत गोळा झाले. मग खरे रेडिअम आणि नवा पदार्थ एकाच द्रावणात मिसळून पाहिले. रेडिअम पुढे सरकले, नवा पदार्थ बेरिअमला चिकटून राहिला. त्याच भांड्यात, त्याच वेळी. आता पळवाट उरली नाही : तो बेरिअमच होता.

१९ डिसेंबरला हान यांनी माइटनरना पत्र लिहिले. स्वीडनमधल्या कुंगेल्वला नाताळच्या सुट्टीत माइटनर यांनी भाचा ओटो फ्रिश याच्याबरोबर हिशेब केला. युरेनिअमचे केंद्रक दुभंगते. एक तुकडा बेरिअमचा असेल तर दुसरा क्रिप्टॉनचा : ५६ आणि ३६ मिळून ९२. प्रत्येक फुटीत सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोकळी होते. हान-स्ट्रासमान यांचा निबंध ६ जानेवारी १९३९ रोजी छापून आला, तोही विलक्षण सावध शब्दांत. भौतिकशास्त्राच्या सगळ्या अनुभवाविरुद्ध जाण्याची त्यांची तयारी पुरती झालेली नव्हती.

अणुविखंडनाचा पुरावा अवाढव्य यंत्रातून आला नाही. तो काचेच्या भांड्यांत, गाळणकागदावर आणि गायगर गणकाच्या आकड्यांत मिळाला. त्यासाठी १९४४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना मिळाले. माइटनर आणि स्ट्रासमान यांना त्यातून वगळणे हा अन्यायच होता. अमेरिकेचा फर्मी पुरस्कार तिघांना मिळून दिला गेला, तो १९६६ साली.